मागदोरा

मागदोरा : बाण लागूनही जागीच न पडलेले जनावर शोधून काढण्यासाठी बाणाला जोडावयाचे साधन. बारीक व लांब दोरा आणि तो साठविण्याची धनुष्यावर बसविलेली डबी, असे याचे दोन भाग असतात. बाण सुटला की दोरा डबीतून उलगडत जातो आणि बाण जनावराच्या अंगात रुतून राहिल्यास ते ज्या वाटेने पळाले ती वाट दोऱ्याने दर्शविली जाते. या साधनास मराठीत रूढ नाव नाही. ‘माग काढणे’ या शिकारीच्या भाषेतील शब्दप्रयोगावरून येथे मागदोरा ही संज्ञा योजिली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील हौशी धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये त्याचा प्रसार झाला. भारतात शिकारीवर बंदी असल्यामुळे त्यास येथे स्थान नाही. परंतु ज्या अडचणीतून ते निर्माण झाले ती जुनी व सार्वत्रिक आहे आणि वेगळ्या स्वरूपात महाराष्ट्रातही आढळते.

गरज : बंदुकीच्या गोळीने शरीरातील ऊतकांना जबर धक्का बसतो. बाणाचे कार्य निराळे आहे. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या कापते व मुख्यतः रक्तस्रावामुळे मृत्यू येतो. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेल्यास जनावर थोड्याच वेळात कोसळते. तरीही तेवढ्या अवधीत ते शंभर मीटर किंवा अधिक अंतर पळू शकते. यकृतास जखम झाल्यास अधिक वेळ लागतो, तर पोटात बाण लागल्यास जनावर कित्येक तास जिवंत राहते. जाणकार शिकारी सांडलेल्या रक्तावरून जखमेचे स्थान ओळखतो. फेसाळ व तांबडेलाल रक्त फुप्फुसाची, काळपट रक्त यकृताची, तर चाऱ्याचे कण मिसळलेला हिरवट स्राव पोटाची जखम सुचवितो. त्यानुसार तो अर्ध्या तासापासून अनेक तासांपर्यंत थांबतो. कारण लगेच पाठलाग केल्यास विसावलेले जनावर पुन्हा उठून दूर जाते.

मात्र रक्ताचा माग नेहमीच मिळतो असे नाही. अस्वलाच्या चरबीच्या थराने जखमेचे तोंड बुजते व दाट केसांत रक्त शोषले जाते. रानटी टर्कीसारख्या पक्ष्याचे रक्त पिसांतच राहते. पावसाने किंवा अंधाराने उरलेला मागही नाहीसा होतो. असे जनावर हाती न लागता रानात तडफडून मरते. हे टाळणे हा मागदोऱ्याचा हेतू होय.

रचना व कार्य : धनुष्याच्या दांड्यावर पुढील बाजूस लहान डबी बसविलेली असते. तिच्यातील दोरा नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूचा असून त्याची गुंडाळी आतून बाहेर उलगडेल अशी केलेली असते. गुंडाळी फिरत नसल्यामुळे बाणावर ओढ कमी पडते. दोऱ्याचे मोकळे टोक बाणाच्या पात्यामागे अडकवितात. दोऱ्याची लांबी काहीशे मीटर असते व साधारणतः आठ ते दहा किग्रॅ. ताण तो सहन करतो. तो सहज दिसावा म्हणून पांढरा किंवा भडक रंगाचा असतो. डबीतून दोरा किती वेगाने जात आहे यावरून जनावराच्या पळण्याचा अंदाज येतो. तो जाण्याचे थांबले म्हणजे जनावर थांबले किंवा दोरा तुटला, असे निष्कर्ष संभवतात. त्यांपैकी खरा कोणता हे प्रत्यक्ष माग काढूनच कळते.

मर्यादा : दोऱ्याच्या ओढीमुळे बाणाचा वेग घटतो व तो खाली झुकतो, म्हणून सु. वीस मीटरांपलीकडील नेमासाठी हे साधन उपयुक्त नाही. वाऱ्याने दोरा भरकटतो, झुडपात अडकून तुटतो. बाण शरीरातून आरपार गेल्यास तो जनावराबरोबर जाईलच याचा भरवसा नसतो. नायलॉन लवकर कुजत नसल्यामुळे रानात राहिलेला दोरा पक्ष्यांच्या पायांत अडकतो. तो गोळा करणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. माग काढण्याच्या कौशल्याला मागदोरा ही जोड आहे. तो त्या कौशल्याचा पर्याय नव्हे.

पूर्वरूपे : बाणाला दोरी जोडण्याची कल्पना प्राचीन आहे. भिल्लांच्या मासे मारण्याच्या बाणाचे वर्णन एकोणिसाव्या शतकातील लेखनात आढळते. या बाणाचे टोक मासा विद्ध होताच दांड्यातून निसटते, पण लांब दोरीने दांड्याशी जोडलेले राहते. दांडा पाण्यावर तरंगतो व मासा कोठे आहे हे दाखवितो. अंदमानातील आदिवासींचा रानडुकरासाठीचा बाण याच तत्त्वावर असतो. त्याचे सुटे टोक दोरीने दांड्यास बांधलेले असते. डुक्कर पळू लागले की मागे फरफटणारा दांडा झुडपात अडकून त्यास रोखून धरतो. पहिल्या प्रकारात दोरी ठावठिकाणा सांगते, तर दुसऱ्यात ती जनावरास थोपविते. आधुनिक मागदोरा पहिल्या प्रकारात मोडतो.

माळरानावरील परिस्थिती : पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. पुणे–सोलापूर मार्गावरील भांडगाव (ता. दौंड) याच कोरड्या पट्ट्यातील गाव होय. मुरमाड जमीन, खुरटे गवत व विरळ बाभळी हे येथील माळांचे स्वरूप असून चिंकारा, लांडगा, खोकड व ससा हे त्यांवरील प्रमुख प्राणी होत. जवळच्या बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते १९९७ मध्ये स्थापन झाले.

अशा उघड्या माळावर चिंकाऱ्याच्या वीस मीटर जवळ जाणे धनुर्धाऱ्यास जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे फासेपारध्यांच्या पूर्वीच्या पारंपरिक पद्धतीत दोरीचे काम वेगळे होते. लांब दोरीला ओळीने फास बांधून ती खुंट्यांनी जमिनीत पक्की करीत व जनावरांना हाकून त्या दिशेने आणीत. येथे दोरी जनावराच्या मागे जात नसे. जनावरच दोरीपाशी येई. कठीण मुरमावर पावलाचा ठसा क्वचितच उमटतो. तेथे उलटलेला खडा, मोडलेली गवताची काडी, विष्ठेचा ताजेपणा यांवरून माग काढण्याचे ज्ञान या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासले.

कायदा व आजचा प्रश्न : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ९ अन्वये शिकारीस मनाई आहे. अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच जखमी करणे, फासात पकडणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. चिंकारा, लांडगा व बिबट्या यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. साहजिकच धनुष्य, फास किंवा मागदोरा यांपैकी कशाचाही वापर करून त्यांना मारणे वा पकडणे हा गुन्हा ठरतो.

तथापि विद्ध प्राणी नजरेआड होण्याचा प्रश्न कायद्याने संपलेला नाही. फक्त त्याचा हेतू पालटला आहे. कालव्यांच्या पाण्यावर शिरूर-दौंड भागात उसाचे क्षेत्र वाढले व त्यात बिबट्याने आसरा घेतला. मानवी वस्तीत अडकलेल्या किंवा जखमी बिबट्यास पकडताना प्रसंगी भुलीचा डार्ट मारावा लागतो. औषधाचा अंमल चढण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात तो उसात दिसेनासा होऊ शकतो. अर्धवट गुंगीतील बिबट्या शोधणाऱ्यास धोकादायक असतो. उलट तो वेळीच सापडला नाही, तर श्वास कोंडून, पाण्यात पडून किंवा शरीराचे तापमान बिघडून त्यालाच मृत्यू येण्याचा संभव असतो. दाट उसात दोरा टिकणार नाही. म्हणून काही ठिकाणी सूक्ष्म रेडिओ प्रेषक बसविलेले डार्ट वापरतात. काही वेळा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची मदत घेतात. पकडलेल्या बिबट्यांच्या उपचारांसाठी व देखभालीसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे.

साधन कोणतेही असले, तरी प्राणी दिसेनासा झाला ती जागा नेमकी ध्यानात ठेवणे, योग्य तेवढा वेळ थांबणे व तो सापडेपर्यंत शोध न सोडणे हे नियम मागदोऱ्याच्या वापरात जसे लागू होते, तसेच ते बचावकार्यातही लागू पडतात.