पाणी काढून ठेवा!

मृगाचा पाऊस पडला की अकोल्याच्या जुन्या शहरात घरोघरी कूलरचे बटन बंद होते आणि तो खिडकीतच उभा राहतो. चार महिने ज्याने आपल्याला जगवले, त्याच्याकडे पुढचे आठ महिने कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या पोटात वीतभर गढूळ पाणी असते, ताट्या ओल्या असतात आणि टिल्लू पंप त्या पाण्यातच बसलेला असतो. मग फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागले की सगळे वेटाळ एकाच दिवशी मिस्त्रीच्या दारात उभे राहते.

आमच्या भागातले मिस्त्रीचाचा गेली कित्येक वर्षे हाच देखावा पाहत आहेत. एकदा मी त्यांना सहज म्हटले, “चाचा, कूलर चार महिने चालतो आणि दर वर्षी बिघडतो.” त्यांनी गंजलेल्या टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “चालवल्यानं नाही बिघडत भाऊ, ठेवल्यानं बिघडते.” या एका वाक्यात यंत्रांच्या देखभालीचे अर्धे शास्त्र आले!

आमच्या बाजूची जुनी घरे धाब्याची. मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचेच छत. वैशाखातही आत बरे वाटायचे. फार तर दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडायचे. सिमेंटचा स्लॅब आला आणि घर रात्रभर तव्यासारखे तापलेले राहू लागले. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेव्हा वाळ्याच्या पडद्याचेच काम कूलरने पत्करले. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. तेवढेच पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला लागते, त्याच्या जवळजवळ सहापट ही उष्णता झाली. गारवा येतो तो असा.

पण वाफ होते ती निव्वळ पाण्याची. पाण्यातले क्षार मागेच राहतात. रोज नवे पाणी ओतले की रोज नव्या क्षारांची भर पडते आणि उन्हाळा संपेपर्यंत टाकीतले पाणी मूळच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेले असते. त्यातून आपला मुलूख खारपाणपट्ट्याच्या काठावरचा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे आहे. शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे गोडे पाणी मिळते खरे; पण नळ काही रोज येत नाहीत. मग पिण्याचे पाणी जपून ठेवायचे आणि बोअरचे कूलरमध्ये ओतायचे, हा घरोघरचा हिशेब. तो चुकीचा नाही. मात्र त्याची किंमत टाकीचा पत्रा आणि पंप मोजतात.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. तिथे सरोवरच समुद्राएवढे. त्याने दोघा मित्रांबरोबर भागीत एक लहानशी शिडाची होडी घेतली आहे. दर ऑक्टोबरात होडी पाण्याबाहेर काढून ती ‘निजवण्याचे’ काम हे तिघे करतात, त्याचे वर्णन त्याने मला फोनवर केले. शिडाच्या होडीला इंजिन असते, हेच मला नवीन होते! धक्क्यात शिरताना आणि वारा पडला असताना ते कामी येते. होडीत अंघोळीच्या पाण्याची एक बंद टाकीही असते, आपल्या गीझरसारखी.

तिथला शत्रू गोठण. पाण्याचे बर्फ झाले की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. इंजिनाच्या पोटात कुठे पेलाभर पाणी राहून गेले, तर ते लोखंडी ओतीव ठोकळ्यालाही तडा देते. म्हणून आधी इंजिन चालवून गरम करायचे आणि काजळी व आम्ल मुरलेले जुने तेल गरम असतानाच काढून नवे भरायचे. मग पाणी ओढणारी नळी न गोठणाऱ्या गुलाबी द्रवाच्या बादलीत सोडायची आणि मागच्या धुराड्यातून गुलाबी पाणी दिसेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे. डिझेलची टाकी भरून ठेवायची, कारण रिकाम्या टाकीत दव धरते. गरम पाण्याची टाकी मात्र पूर्ण रिकामी करायची आणि तिच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकायच्या. नाहीतर तो महागडा द्रव टाकीतच वीस-वीस लिटर जिरतो. पिण्याच्या नळ्यांत जाणारा द्रव बिनविषारीच हवा, हेही कटाक्षाने पाहतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये ओततात ते रसायन बहुधा विषारी असते.

हे ऐकताना मनात आले, कोकणातले कोळीही दुसरे काय करतात? जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, इंजिने खोलून दुरुस्त करतात आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा दर्याला सामोरे जातात. आमच्या पूर्णाकाठचा शेतकरीही विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या ठोकळ्यातले पाणी हंगाम संपल्यावर काढून टाकतो, निदान जाणता शेतकरी तरी काढतोच. तिकडे बर्फ आणि इकडे क्षार, एवढाच काय तो फरक. थांबलेल्या यंत्राच्या पोटात पाणी ठेवू नये, हा नियम मिशिगनपासून मोर्णेपर्यंत एकच.

वऱ्हाडातल्या घराला या कामाचे दोन मुहूर्त आहेत. मृगाला कूलर निजवायचा आणि होळी झाली की गीझर किंवा बंब.

कूलरचे आधी बटन नव्हे, तर प्लग काढावा. टाकीत पाणी आणि लिंबूसत घालून घ्यावे. मग प्लग लावून, कोणी हात न लावता, पंप वीस-पंचवीस मिनिटे चालू द्यावा. लिंबूसताने नळ्यांतले आणि पंपातले पांढरे खवले विरघळतात. पुन्हा प्लग काढून टाकी रिकामी करावी, साध्या पाण्याने धुवावी आणि उन्हात वाळवावी. गंज दिसेल तिथे घासून रेड ऑक्साइडचा हात द्यावा. कुजलेल्या ताट्या फेकून द्याव्यात. पंप पुसून कोरड्या डब्यात ठेवावा, पंख्याच्या मोटारीला तेलाचे दोन थेंब द्यावेत आणि सगळ्यावर जुने धोतर किंवा चादर टाकावी. एका सकाळचे काम आहे.

गीझर उन्हाळाभर लागणार नसेल, तर वीज तोडून पाणी गार होऊ द्यावे, येणारी तोटी बंद करावी आणि टाकी रिकामी करवून घ्यावी. क्षार तापलेल्या पाण्यातच अधिक बसतात, म्हणून आतली कांडी दोन-तीन वर्षांनी काढून पाहावी. दिवाळीनंतर सुरू करताना आधी पाणी भरावे, गरम पाण्याच्या तोटीतून नीट धार आली की मगच बटन दाबावे. कोरडी कांडी बघता बघता जळते. अजून ज्यांच्याकडे पऱ्हाटीवर तापणारा तांब्याचा बंब आहे, त्यांनी मधल्या नळीतली राख झाडून काढावी. ओल धरलेली राख तांबे खाते. बंब पालथा घालून आतून कोरडा करावा.

एवढा खटाटोप कशाला, चारशे-पाचशे रुपयांचा पंप नवा आणता येतो, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न पंपाचा नाही. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरड्या टाकीत कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणजे पाणी नुसते ओतून दिलेला कूलर पुढच्या मार्चमध्ये आपल्याच हाताने डास जन्माला घालतो. टाकी ब्रशाने घासणे, हाच त्यावर उपाय.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. दर उन्हाळ्यात वऱ्हाड-नागपूरच्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून कोणी दगावल्याची बातमी येते. बहुतेकदा लहान मूल नाहीतर घरातली बाई. आमच्याच वेटाळात दोन वर्षांपूर्वी एका घरी ते होता होता टळले. अडगळीत पडलेल्या कूलरच्या वायरीचे आवरण उंदराने कुरतडले होते. मार्चमध्ये पाणी भरले, प्लग लावला आणि सहा वर्षांच्या नातवाने पत्र्याला हात लावला. आजीने पोराला ओढले नाही, धावत जाऊन मेन स्विच पाडला. तेवढ्या शहाणपणाने दोघेही वाचले. तेव्हापासून मी सांगेन त्याला सांगतो: तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारी आरसीसीबी घरात बसवा. ओल्या पायाने कूलरमध्ये पाणी भरायचे असेल, तर प्लग आधी हातात दिसला पाहिजे.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी लावताना त्याची जखम, त्याची सूज हाताला कळते. दसऱ्याला आपण यंत्रांनाही हार घालतो, कुंकू लावतो. पण हात फिरवत नाही, म्हणून त्यांची दुखणी आपल्याला कळत नाहीत. कुंकवाचे बोट लावण्याआधी टाकी रिकामी आहे का आणि वायर धड आहे का, एवढे पाहिले तरी त्या पूजेला अर्थ येईल.