परदेशात जाऊन केस लावायचे, तर खर्च नेमका किती?

आमचं गाव धामनोद. धार जिल्ह्यातलं, आग्रा-मुंबई रस्त्यावरचं. महेश्वर जवळ, खलघाटचा नर्मदेवरचा पूलही जवळ. मंडळाच्या सभेत गावाचं नाव सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतं, "तिकडे मराठी बोलतात?" बोलतात. आमच्या घरात मराठी, दुकानात निमाडी, बँकेत हिंदी. हे सांगायचं कारण, परदेशी कॉस्मेटिक सर्जरी हा विषय मुंबईत ऐकला तर नवल वाटणार नाही, पण माझ्यापर्यंत तो धामनोदहून आला.

माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, गावात खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. वय २९, पुढचे केस विरळ झालेले आणि लग्नाच्या दोन ठिकाणांहून नकार आलेला. त्याने इस्तंबूलच्या एका क्लिनिकशी व्हॉट्सअॅपवर बोलणी केली. पॅकेज दीड लाखाचं. त्यात हेअर ट्रान्सप्लांट, तीन रात्री हॉटेल आणि विमानतळावरून ने-आण. इंदुरात त्याला एक लाख सांगितले होते. "पन्नास हजारांत फॉरेनचं काम होतंय," असा त्याचा हिशेब. आत्या मला म्हणाली, तू कॉलेजात शिकतोस, जरा बघून सांग रे. मी बी.ए.चा विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. पण हिशेब मांडता येतो, वाचता येतं, म्हणून बसलो.

आधी कागदावरचा खर्च. भारतात आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आणि हेअर ट्रान्सप्लांटला ही सूट मिळत नाही. तिथे १८ टक्के लागतो. अपघात, जखम किंवा जन्मजात व्यंग असेल तरच माफी. इंदूरचे एक लाख म्हणजे १ लाख १८ हजार. दादाला हा मुद्दा आपल्या बाजूचा वाटला. मग विमानाची तिकिटं आली. आत्या त्याला एकट्याला सोडायला तयार नाही, म्हणजे तिकिटं दोन. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा व्हिसा आधीच हातात असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. नसेल तर रीतसर अर्ज आणि त्याच्या खेपा. धामनोद ते मुंबई जाणं-येणं. कापसाच्या हंगामात दोन आठवडे दुकानाचं शटर खाली. आरोग्य विम्यातून काहीही मिळणार नाही, कारण भारतातल्या पॉलिस्यांमध्ये कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते; अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना तेवढी चालते. एवढं धरलं तर बेरीज तीन लाखांच्या अलीकडे थांबेना.

तरी हा सोपा भाग झाला. आकडे दिसतात, त्यामुळे त्यांच्यावर भांडता येतं.

हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे नवे केस उगवणं नव्हे, असलेल्याच केसांची बदली. डोक्याच्या मागच्या भागातली केसांची मुळं सहसा गळत नाहीत. ती एकेक काढून पुढे बसवतात. मागचा साठा मर्यादित असतो. एकदा उपसला की परत भरत नाही. लावलेले केस पहिल्या एक-दोन महिन्यांत बहुतेक गळून पडतात (माणूस इथे घाबरतो), तीन-चार महिन्यांनी पुन्हा फुटू लागतात, आणि काम जमलं की नाही हे कळायला जवळजवळ वर्ष लागतं. शिवाय शेजारचे जुने केस आपल्या गतीने गळतच राहतात, म्हणून वर्षानुवर्षं औषध, आणि काहींना दुसरी शस्त्रक्रिया. आता पॅकेज बघा: तीन रात्री. निकाल लागतो बाराव्या महिन्यात. तेव्हा दादा धामनोदच्या धुळीत आणि उन्हात असणार, आणि ज्यांनी काम केलं ते व्हॉट्सअॅपवर असले तर असणार.

या ठिकाणी मला पुण्याची एक जुनी हकिकत आठवते. आपल्या मंडळात पेशवाईवर इतकं बोललं जातं, पण ही फारशी निघत नाही. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका माणसाचं चित्र आणि वृत्तांत छापून आला. माणसाचं नाव कावसजी. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. वृत्तांतात हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीतला असल्याचं म्हटलं आहे. त्याचं नाव लिहायची गरज कुणाला वाटली नाही. क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. आधी मेणाचं नाक करून मापलं, ते चपटं करून कपाळावर ठेवलं, कडेने रेघ आखली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मधला एक पूल मात्र तसाच जोडलेला ठेवला, रक्त मिळत राहावं म्हणून. वर कात भिजवून कापडाच्या पट्ट्या. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या. तो पूल कापायचा पंचविसाव्या दिवशी. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने हे वाचून, प्रेतांवर सराव करून, १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे विद्या इथून तिकडे गेली.

पण अभिमानासाठी मी ही गोष्ट सांगत नाही. मला अडकवतो तो पंचवीस हा आकडा. कापणं एका दिवसाचं, बाकीचे दिवस सांभाळण्याचे. कारागीर तिथेच होता. नाक सडलं असतं तर ते त्याच्याच डोळ्यांसमोर. आजच्या पॅकेजमध्ये हेच पंचवीस दिवस कापून टाकलेले असतात, आणि म्हणून ते स्वस्त दिसतं.

बिघाड नंतरच होतात. अमेरिकेतली काही माणसं २०२३ मध्ये सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात अशा शस्त्रक्रियांसाठी गेली होती. पाठीच्या मणक्यात दिलेल्या भुलेबरोबर बुरशीचा संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला. लक्षणं कळली ती घरी परतल्यावर, कित्येक दगावले. केसांचं काम त्या मानाने हलकं, त्यात मणक्यात भूल नसते. पण पोटाची चरबी काढणं, स्तन, नाक अशा मोठ्या कामानंतर लगेच लांब विमानप्रवास केला तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे कामाप्रमाणे आठवडा-दहा दिवस थांबा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. ते दिवस हॉटेलच्या बिलात मोजायचे की नाही?

आणि दाद कुणाकडे मागायची? आपल्याकडे १९९५ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. आता तर आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. इस्तंबूलच्या क्लिनिकवर धारच्या ग्राहक आयोगात केस घालून काय हाती लागणार, हे दादाला मी विचारलं. तो हसला. आत्या हसली नाही.

इथलं सगळं चांगलं, असं मात्र समजू नका. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईतच एका व्यावसायिकाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोनेक दिवसांत मृत्यू झाला. एका बैठकीत साडेनऊ हजार मुळं बसवली होती. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला स्पष्ट लिहावं लागलं की यूट्यूब बघून किंवा एखादी कार्यशाळा करून हे काम करता येणार नाही, रीतसर शिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. जे लिहावं लागतं ते कुठेतरी चालू असतंच. तेव्हा प्रश्न देशाचा कमी आणि हाताचा जास्त. सुई कोण धरणार, डॉक्टर की कामाला ठेवलेला तंत्रज्ञ? दादाच्या सगळ्या गप्पांमध्ये क्लिनिकने एकाही डॉक्टरचं नाव सांगितलेलं नव्हतं.

मग लोक जातात का? माझ्या मते पैसा हे निमित्त आहे. इंदुरात केलं तर कुणीतरी ओळखीचं भेटणार आणि धामनोदच्या बाजारात दुसऱ्या दिवशी पोचणार. इस्तंबूल म्हणजे 'फिरायला गेलो होतो.' ही लपवालपवी मला समजते, तिची टिंगल करवत नाही. ज्याला केसांवरून नकार आलाय त्याने केस लावले हेही लोकांनी चघळावं, हे कुणाला आवडेल? पण त्या गुप्ततेची किंमत वेगळी भरावी लागते. कुणाला सांगितलंच नसेल तर रात्री ताप चढला, टाळू सुजली, तर घाट चढून सुमारे ८० किलोमीटरवरच्या इंदूरला कोण नेणार? आणि नेलं तर डॉक्टरला काय सांगणार?

तरीही जाणाऱ्याने निदान एवढं करावं. सर्जनचं नाव आणि नोंदणी लेखी मागावी. काय केलं, कोणती भूल दिली, औषधांची मूळ नावं, शरीरात काही बसवलं असेल तर त्याचा क्रमांक, हे इंग्रजीत सही-शिक्क्यानिशी विमानात बसण्याआधी हातात घ्यावं. घरातल्या निदान एकाला खरं सांगावं. आणि तिकीट काढण्याआधी इंदूरच्या एखाद्या सर्जनला भेटून सरळ विचारावं, "मी परत आल्यावर काही बिघडलं तर तुम्ही बघाल का?" दुसऱ्याने केलेल्या कामाला हात लावायला अनेक डॉक्टर तयार नसतात. तो 'नाही' म्हणाला तर दुसऱ्याला विचारावं, आणि कुणी 'हो' म्हणेपर्यंत तिकीट काढू नये.