फोन सायलेंटवर आणि शुगर पन्नासच्या खाली

आजचा विषय जरा वेगळा आहे. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं यांच्याबद्दल डॉक्टर-नर्स मंडळींसाठी वेळोवेळी सुरक्षासूचना निघतात. अमेरिकेत त्या एफडीए काढतं, ब्रिटनमध्ये एमएचआरए. आता तुम्ही म्हणाल, सूचना डॉक्टरांसाठी आहे ना, मग आम्ही का ऐकायची? तर त्याचं कारण असं, की गेल्या काही वर्षांत यातल्या काही सूचना चक्क आपल्या खिशातल्या वस्तूबद्दल आहेत. फोनबद्दल. आणि घरात आजोबांचा, आईचा फोन सेट करून देणारं माणूस कोण असतं? आपणच की!

आधी एक मूलभूत गोष्ट. कुठलंही उपकरण बाजारात येण्याआधी तपासलं जातं, पण ते मोजक्या लोकांवर आणि ठरवून दिलेल्या परिस्थितीत. खरी परीक्षा नंतर सुरू होते. वेगवेगळे फोन, वेगवेगळ्या सवयी, कोणी उशीखाली फोन ठेवून झोपतं, कोणी शर्टाच्या वरच्या खिशात. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, खरे बग प्रॉडक्शनमध्येच सापडतात, तसंच हे. फरक एवढाच, की इथे प्रॉडक्शन म्हणजे माणसाचं शरीर.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. आयफोन १२ आला तेव्हा त्याच्या पाठीत मॅगसेफसाठी लोहचुंबकांचं कडं होतं. २०२१च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी हा फोन एका रुग्णाच्या छातीवर, आयसीडीच्या जवळ धरून पाहिला. आयसीडी म्हणजे हृदयाचे ठोके भलत्याच वेगाने पडायला लागले तर शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं, छातीत बसवलेलं यंत्र. फोन जवळ आला आणि यंत्राने शॉक द्यायची तयारी थांबवली.

हा बिघाड नव्हता बरं का. अशा यंत्रांमध्ये चुंबक ओळखायची सोय मुद्दाम ठेवलेली असते. ऑपरेशनच्या वेळी नको तेव्हा शॉक बसू नये म्हणून डॉक्टर वरून चुंबक ठेवतात. यंत्राला काय कळणार, की हे चुंबक डॉक्टरांचं आहे का फोनचं? मे २०२१मध्ये एफडीएने सांगितलं, की धोका कमी आहे, पण असे फोन आणि स्मार्टवॉच छातीतल्या यंत्रापासून सहा इंच लांब ठेवा आणि त्याच्यावरच्या खिशात ठेवू नका. म्हणजे पेसमेकर किंवा आयसीडी बसवलेले काका तुमच्या घरात असतील, तर शर्टाचा खिसा फोनसाठी बंद. एवढं साधं आहे.

आता माझ्या धंद्यातलं उदाहरण. टँडम नावाची कंपनी इन्सुलिन पंप बनवते. कमरेला लावायचं छोटं यंत्र, ते दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन देत राहतं. टाइप १ मधुमेह असणाऱ्याचं शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे हा पंप म्हणजे जीवनरेखाच. या पंपाला जोडलेलं एक अ‍ॅप आहे. त्याच्या आयफोनवरच्या २.७ या आवृत्तीत एक बग आला. अ‍ॅप क्रॅश व्हायचं, आयओएस ते आपोआप परत चालू करायचं, ते पुन्हा क्रॅश व्हायचं.

तुमच्या फोनवर एखादं अ‍ॅप असं करायला लागलं तर फार तर वैताग येतो. इथे मात्र या चक्रात अ‍ॅप आणि पंप यांच्यात ब्लूटूथवर प्रमाणाबाहेर बोलणं व्हायचं. ब्लूटूथ ही दोन्हीकडची गोष्ट आहे. फोन बोलला की पंपालाही जागं राहावं लागतं, उत्तर द्यावं लागतं. त्यात बॅटरी कोणाची संपणार? पंपाची. बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर संपली की पंप बंद, पंप बंद की इन्सुलिन बंद. काही तासांत शुगर चढायला लागते आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठून माणूस आयसीयूत.

मार्च २०२४मध्ये कंपनीने ग्राहकांना कळवलं, आणि एफडीएने या प्रकाराला क्लास १ रिकॉल ठरवलं. रिकॉलमधला हा सगळ्यात गंभीर वर्ग. १५ एप्रिल २०२४पर्यंत २२४ जणांना इजा झाल्याच्या नोंदी आल्या होत्या. मृत्यूची नोंद नव्हती. आणि 'रिकॉल' म्हटल्यावर आपल्याला वाटतं की वस्तू परत मागवली. इथे काहीच परत गेलं नाही. उपाय होता २.७.१ किंवा पुढची आवृत्ती डाउनलोड करणं. म्हणजे डॉक्टरांनी सूचना वाचली, कंपनीने पत्र पाठवलं, सगळं झालं, तरी शेवटचं बटण दाबायचं होतं फोन हातात असलेल्या माणसाने. तिथे कोणी दाबलं नाही तर वरची सगळी यंत्रणा फुकट.

तिसरी सूचना फेब्रुवारी २०२५ची. आता बऱ्याच जणांच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असतो. आपल्याकडेही मिळतो. सेन्सर शुगर मोजतो, पण धोक्याचा अलार्म वाजतो फोनवर. शुगर ५४च्या खाली गेली की डॉक्टर ती गंभीर धरतात. पहाटे तीन वाजता ती पन्नासच्या खाली उतरत असेल तर झोपलेल्या माणसाला उठवणारा तो एकच आवाज. एफडीएकडे तक्रारी आल्या, की हा अलार्म वाजलाच नाही, किंवा ऐकूच आला नाही. यातून गंभीर इजा आणि मृत्यूही ओढवले असण्याची शक्यता एफडीएने त्या सूचनेत नोंदवली.

कारणं काय होती? ऐकून तुम्हाला हसू येईल इतकी रोजची. नोटिफिकेशनची परवानगी बंद. डू नॉट डिस्टर्ब चालू. बॅटरी वाचवायला फोनने अ‍ॅपला झोपवून टाकलेलं. नवीन ब्लूटूथ हेडफोन किंवा गाडीची म्युझिक सिस्टीम जोडली आणि आवाज तिकडे गेला. फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं अपडेट आलं आणि अ‍ॅप त्याला अजून तयार नव्हतं. यातलं एकही 'उपकरण बिघडलं' या सदरात येत नाही. सेन्सर बरोबर, अ‍ॅप बरोबर, फोनही बरोबर. मधली सेटिंग तेवढी चुकीची.

म्हणून घरात कोणाकडे असं अ‍ॅप असेल तर पुढच्या गोष्टी बघून घ्या.

एक, अ‍ॅपला नोटिफिकेशनची पूर्ण परवानगी द्या आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्याला सूट द्या.

दोन, बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ते अ‍ॅप वगळा. अँड्रॉइडवर हे खास बघा.

तीन, ऑपरेटिंग सिस्टीमचं ऑटो अपडेट बंद ठेवा. एरवी मीच सगळ्यांच्या मागे लागतो की फोन अपडेट करा! इथे मात्र आधी कंपनीच्या साइटवर बघायचं, की नवीन आवृत्तीवर अ‍ॅप चालतं का, आणि मगच अपडेट करायचं. अ‍ॅपचं स्वतःचं अपडेट आलं तर मात्र ते लांबवू नका, कारण टँडमच्या वेळी दुरुस्ती तिथूनच आली.

चार, नवीन हेडफोन, नवीन फोन, नवीन अपडेट, काहीही बदललं की अलार्म खरंच वाजतो का ते तपासा. काही बदललं नसेल तरी महिन्यातून एकदा तपासाच.

आणि हे ऐकून कोणी घाबरून सेन्सर किंवा पंप काढून ठेवू नका. त्याने होणारं नुकसान जास्त आहे. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. टँडमचा बग सापडला कसा? लोकांनी कळवलं म्हणून. एकट्या माणसाची बॅटरी लवकर संपली तर त्याला वाटतं, जुनी झाली असेल. शंभर जणांनी तेच कळवलं की त्यात पॅटर्न दिसतो. ब्रिटनने थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर १९६४मध्ये यलो कार्ड योजना सुरू केली, ती याच विचारातून.

आपल्याकडेही सोय आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेतं. जुलै २०१५पासून उपकरणांसाठीही वेगळा कार्यक्रम आहे, मटेरिओव्हिजिलन्स नावाचा. आणि १ एप्रिल २०२०पासून वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअरसुद्धा आपल्या कायद्यात वैद्यकीय उपकरण म्हणूनच धरलं जातं. कळवायला डॉक्टरच असायला हवं असं नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४.

कळवताना चांगल्या बग रिपोर्टसारखं कळवा. उपकरणाचं नाव, मॉडेल, सिरीयल किंवा बॅच नंबर, अ‍ॅपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, तारीख, वेळ आणि नेमकं काय झालं. 'अ‍ॅप चालत नाही' एवढ्यावरून कोणीच काही शोधू शकत नाही, हे मी रोजच्या अनुभवावरून सांगतो.

तर आज घरी गेल्यावर पाच मिनिटं काढा आणि ज्यांना गरज आहे त्यांचा फोन हातात घ्या. अलार्म वाजवून बघा. भेटू पुढच्या भागात!