जगायला नको होतं ते कोकरू

‘सातव्या महिन्यातच सुनेला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं तिला दिली आणि म्हणाले, बाळाच्या फुप्फुसांसाठी आहेत. हे कसं?’ असं एका आजींनी विचारलं आहे.

ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स फुप्फुसांच्या शोधात नव्हतेच. कळा सुरू कोण करतं, आई की गर्भ, हे त्यांना हवं होतं. मेंढीच्या पोटातल्या कोकरांना त्यांनी स्टेरॉइड दिलं आणि मेंढ्या दिवस भरण्याआधीच व्यायल्या. त्यांतलं एक कोकरू इतकं अपुऱ्या दिवसांचं होतं, की ते मेलेलंच सापडायला हवं होतं. ते श्वास घेत होतं! पुढे ते गेलं, पण लिगिन्सनी त्याची फुप्फुसं उघडून पाहिली तर त्यांत काही भागात हवा भरलेली. दुसरा कोणी असता तर हा योगायोग म्हणून पुढच्या मेंढीकडे वळला असता. लिगिन्सना मात्र यात स्टेरॉइडचा हात दिसला.

फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात. श्वास सोडला की ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारख्या त्यांच्या भिंती चिकटू पाहतात. त्या सुटत्या ठेवतो सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध थर. तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कमी पडतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. आईला दिलेलं स्टेरॉइड वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि हा थर बनवणाऱ्या पेशींना घाई करतं.

लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर चाचणी घेतली. १९७२ मध्ये निकाल आला: औषध न मिळालेल्या गटातली १५ टक्के बाळं पहिल्या आठवड्यात दगावली, औषध मिळालेल्या गटातली जेमतेम ३ टक्के. एवढं असूनही अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकमुखाने शिफारस करायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात गेलेल्या बाळांचा विचार मला अजून अस्वस्थ करतो. वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेषा याच उपायाच्या चाचण्यांच्या आहेत.

आपल्याकडे २०१४ च्या सरकारी सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मुदतपूर्व कळा आल्या, तर डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन परिचारिका (एएनएम) ताईही देऊ शकतात. मात्र दिवस नीट मोजलेले नसतील, तर ज्या बाळाला गरजच नाही त्यालाही औषध जातं आणि तेही बरं नव्हे. म्हणून आजी, ज्यावरून दिवस नीट कळतात तो सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवत जा.