छपरावरचे हिरवेपण, भिंतीतले शहाणपण

२० जून १९७९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर पत्रकारांना घेऊन व्हाइट हाऊसच्या छपरावर गेले. तेथे, वेस्ट विंगवर, पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेल नुकतीच बसवली होती. इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाचे भाव भडकले होते, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. अशा वेळी राष्ट्राध्यक्षाच्या घरानेच सूर्याकडे वळावे, हा त्यातला संदेश होता. कार्टर यांनी त्या दिवशी एक भाकीतही केले. एका पिढीनंतर हे यंत्र एक तर संग्रहालयातली गमतीची वस्तू झालेले असेल, किंवा एका मोठ्या साहसाचा छोटा भाग ठरेल, अशा अर्थाचे ते होते. त्यातला पहिला भाग अक्षरशः खरा ठरला. १९८६ मध्ये, रोनाल्ड रेगन यांच्या कारकीर्दीत, छपराची दुरुस्ती निघाली. पॅनेल खाली उतरली ती पुन्हा वर चढलीच नाहीत. काही वर्षे सरकारी गोदामात पडून राहिल्यावर मेन राज्यातल्या एका लहान महाविद्यालयाने ती नेली आणि आपल्या भोजनगृहाचे पाणी तापवायला लावली. त्यांतले एक आज खरोखरच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

रेगन यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण या गोष्टीतला धडा एका अध्यक्षापुरता नाही. जे छपरावर ठेवलेले असते ते उतरवता येते. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, की कोणाला जाहीर उत्तर द्यावे लागत नाही. दुरुस्तीचे एक निमित्त पुरते.

पुढे १९९३ च्या वसुंधरा दिनाच्या सुमारास अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाऊस ‘हिरवे’ करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा तिची सुरुवात छपरावरून झाली नाही. आधी तपासणी झाली. वीज कुठे जाते, पाणी कुठे जाते, कचरा किती निघतो, खिडक्यांतून उष्णता किती निसटते, याचा हिशेब मांडला गेला. मग दिवे, खिडक्या, तापवण्या-थंडावण्याची यंत्रणा, नळ आणि रद्दी अशी एकेक बाब हाती घेतली गेली. यातले काहीच छायाचित्रात उठून दिसणारे नव्हते. धाकट्या बुश यांच्या काळात तर आवारातल्या देखभाल विभागाच्या इमारतीवर सौर पॅनेल बसली, तीही कसला समारंभ न करता. २०१३-१४ मध्ये बराक ओबामा यांच्या काळात ती निवासस्थानाच्या छपरावर परतली. म्हणजे एक वर्तुळ पुरे व्हायला सुमारे ३५ वर्षे लागली.

याच्या अगदी उलट उदाहरण बर्लिनचे. तेथली राइशस्टागची इमारत १८९४ ची. १९३३ ची आग, १९४५ चे रणांगण आणि नंतर फाळणीच्या भिंतीचा शेजार, एवढे सोसून ती उभी राहिली. एकीकरणानंतर जर्मनीने संसद तेथे न्यायची ठरवली आणि नूतनीकरण ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे सोपवले. १९९९ मध्ये इमारत खुली झाली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष नव्या काचेच्या घुमटाकडे गेले. पण तो घुमट निव्वळ शोभेचा नाही. त्याच्या मधोमध आरशांनी मढवलेला शंकू आहे. तो दिवसाचा उजेड खाली सभागृहात पोचवतो आणि सभागृहातली गरम हवा वर ओढून बाहेर सोडतो. तळघरातली वीजनिर्मिती वनस्पती तेलावर चालेल अशी योजली गेली. तिच्यातून उरणारी उन्हाळ्यातली उष्णता सुमारे ३०० मीटर खोल असलेल्या भूजलाच्या थरात साठवायची आणि हिवाळ्यात परत वर घ्यायची, अशी व्यवस्था झाली. १९६० च्या दशकातल्या यंत्रणेमुळे ही इमारत वर्षाला सुमारे ७,००० टन कार्बन डायऑक्साइड सोडत असे. नव्या रचनेत तो आकडा ४४० टनांपर्यंत खाली येईल, असा फॉस्टर यांच्या कार्यालयाचा अंदाज होता. यापुढे कोणी चान्सलर येवो, कोणी जावो, हा घुमट उतरवून गोदामात टाकता येणार नाही.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला आहे आणि त्याचे श्रेय एका मराठी बाईंकडे जाते. राष्ट्रपती झाल्यावर प्रतिभाताई पाटील यांनी २००८ मध्ये राष्ट्रपती भवनाच्या आवारासाठी ‘रोशनी’ हा उपक्रम सुरू केला. ३४० खोल्यांचा हा प्रासाद आणि त्याभोवतीची सुमारे ३३० एकरांची वसाहत म्हणजे एक लहानसे गावच. तेथे कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहतात, शाळा आहे, बागा आहेत. कचरा वेगळा करणे, खत तयार करणे, वीज आणि पाणी जपून वापरणे, या गोष्टी तेथल्या रहिवाशांना बरोबर घेऊन सुरू झाल्या. २०१० मध्ये या वसाहतीला पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ हे प्रमाणपत्र मिळाले. राष्ट्रपतींच्या घरातला ओला कचराही शेवटी कोणाला तरी वेगळा करावाच लागतो, हे त्यानिमित्ताने मान्य झाले, ही मोठीच गोष्ट.

पण राष्ट्रपती भवनाकडे नीट पाहिले, तर आणखी एक गोष्ट दिसते. एडविन लट्यन्स यांनी भिंतींबाहेर रुंद दगडी छज्जा काढला, जाळ्या बसवल्या, भिंती जाड ठेवल्या. छज्जा आणि जाळी त्यांनी हिंदुस्थानी बांधणीतून उचलली. दिल्लीच्या उन्हाने आणि पावसाने भिंतीला थेट भिडू नये, हा त्यातला हिशेब. म्हणजे पर्यावरणाचा विचार त्या इमारतीत आधीपासून होता; नंतर आलेल्या वातानुकूलनाने तो झाकून टाकला.

मुंबईत हे अधिक स्पष्ट दिसते. १८७४ मध्ये पुरे झालेले जुने सचिवालय आणि १८७८ चे उच्च न्यायालय ओव्हल मैदानाकडे तोंड करून उभे आहेत. त्या काळी मैदानापलीकडे थेट बॅकबेचा समुद्र होता. पश्चिमेचे वारे आत घ्यावेत आणि दुपारचे ऊन बाहेर अडवावे, म्हणून या इमारतींना खोल व्हरांडे दिले गेले. उंच छत, वरची झडपे, समोरासमोरच्या खिडक्या हा सगळा त्याच विचाराचा भाग. २०१८ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा हवामानाला साजेशा या व्हरांड्यांची आणि सज्जांची दखल आवर्जून घेतली गेली.

आणि आपण त्यांचे काय करतो? कोणत्याही जिल्ह्याच्या गावी जुन्या कचेरीत जाऊन पाहा. व्हरांडा प्लायवूडने बंद करून तेथे नवी ‘केबिन’ काढलेली असते. उरलेल्या जागेत लोखंडी कपाटे आणि फायलींचे गठ्ठे. वाऱ्याची वाट अशी बुजली की खोली तापते, मग एसी येतो, त्याच्यासाठी दगडाला भोक पडते आणि त्याचे पाणी भिंतीवर ओघळते. ओल दिसली की चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापला जातो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. त्यामुळे दोन पावसाळ्यांत पोपडे पुन्हा हजर. आवारात पेव्हर ब्लॉक बसतात, वडा-पिंपळाच्या बुंध्याला काँक्रीटचा गळफास लागतो आणि विहिरीचा उकिरडा होतो. झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा, हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ मध्ये दिल्लीत आदेश काढून सांगावे लागले. शेवटी ‘इमारत जुनी झाली, पाडा’ असा शेरा येतो. त्या दगडात, विटेत, लाकडात घातलेली ऊर्जा आणि मेहनत मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात धरली जात नाही.

यावर उपाय महागडे नाहीत. सौर पॅनेल जरूर बसवावीत. दर्शनी भागातून न दिसणाऱ्या छपरावर ती बसू शकतात. पण क्रम चुकता कामा नये. आधी कपाटे हलवून व्हरांडा मोकळा करावा. झडपांच्या बिजागऱ्या दुरुस्त कराव्यात. सिमेंट खरवडून चुना लावावा आणि तो लावणारे गवंडी तयार करावेत. पन्हळीचे पाणी विहिरीकडे वळवावे, फरशी उखडून माती उघडी करावी. एवढे झाल्यावर किती एसी लागतात ते मोजावे आणि मगच विजेचे गणित मांडावे. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली आणली, ती देशातली पहिली. बाह्य रूप जपायला ती उपयोगी पडली. आता इमारतीचा श्वासही वारशात मोजायला हवा.

यात आणखी एक हिशेब आहे. साहेबांच्या दालनात गारवा असतोच. उकाड्यात ताटकळतो तो बाहेर बाकावर बसलेला पक्षकार, सात-बारासाठी आलेला शेतकरी, पेन्शनच्या कागदासाठी खेटे घालणारी म्हातारी. बांधणाऱ्यांनी कोणासाठीही बांधला असो, व्हरांडा आज या माणसांच्या हक्काची सावली आहे. ती त्यांना परत मिळाली, तरी निम्मे काम झाले.