पाण्याचे रेणू हलताना टिपणारे यंत्र

कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कची ‘स्लॅक’ प्रयोगशाळा तिच्या तीन किलोमीटर लांबीच्या त्वरकामुळे जगाला ठाऊक आहे. त्या मानाने तिथले ‘एमईव्ही-यूईडी’ हे यंत्र आटोपशीर. काम मात्र मोठे अवघड: अणू जागचे हलत असतानाच त्यांना टिपायचे.

ही हालचाल फेम्टोसेकंदांत होते. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे आणखी दहा लाख तुकडे केले, की त्यातला एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद. इतक्या झटपट उघडझाप करणारे कॅमेऱ्याचे झाकण कुठून आणणार? म्हणून लेसरच्या एकाच स्पंदाचे दोन भाग करतात. एक भाग नमुन्याला धक्का देतो; दुसरा तांब्यावर आदळून इलेक्ट्रॉनांचा पुंजका बाहेर काढतो. हा पुंजका नमुन्यातून आरपार गेला, की पडद्यावर वलयांची किंवा ठिपक्यांची नक्षी उमटते आणि तिच्यावरून अणूंमधली अंतरे काढता येतात. धक्का आणि पुंजका यांच्यातला अवधी आरसा सरकवून ठरवतात. प्रकाशाची वाट ०.०३ मिलिमीटरने लांबली, की शंभर फेम्टोसेकंदांचा उशीर होतो. दरवेळी अवधी थोडा बदलायचा आणि मिळालेल्या नक्ष्या क्रमाने लावायच्या, की हालचाल उलगडते.

खरी अडचण इलेक्ट्रॉनांचीच. ते एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे पुंजका वाटेतच पसरतो. त्यावर उपाय वेगाचा. सुमारे चाळीस लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा दिली, की ते प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने धावतात आणि सापेक्षतेच्या नियमांमुळे ही लोटालोट फार कमी होते. १९८४ साली रॉचेस्टर विद्यापीठात ॲल्युमिनियम वितळताना टिपले, तेव्हा इलेक्ट्रॉनांचा स्पंद २० पिकोसेकंदांचा होता (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद). इथे मोजमाप शंभर-दीडशे फेम्टोसेकंदांपर्यंत उतरले आहे.

२०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला पाण्यावरचा प्रयोग पाहा. शंभर नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा पातळ पापुद्रा निर्वात पोकळीत सोडून त्यावर अवरक्त लेसर मारला. थरथरू लागलेल्या रेणूतल्या हायड्रोजनने शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन आधी जवळ ओढला आणि मग दूर ढकलला. पाण्याच्या विचित्र गुणधर्मांमागचा हायड्रोजन बंध असा प्रत्यक्ष आवळताना दिसला. २०१८ मध्ये सोन्याच्या पत्र्यांनीही एक गोष्ट उघड केली होती: ऊर्जा कमी असेल तर सोने शेकडो पिकोसेकंद घेत हळूहळू वितळते, भरपूर असेल तर दहा-वीस पिकोसेकंदांत सगळेच ढासळते.

हे यंत्र केवळ स्लॅकच्या शास्त्रज्ञांसाठी राखीव नाही. कोणत्याही देशातल्या संशोधकाने प्रस्ताव पाठवावा; तो गुणवत्तेवर निवडला गेला आणि निष्कर्ष खुलेपणाने प्रसिद्ध करायचे असतील, तर यंत्राचे भाडे पडत नाही.