तूर सवंगायची की थांबायचं?

हवामान शिवारातलं : भाग ७

मागच्या भागात आपण कोरड्या थंडीबद्दल बोललो. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा, दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते आणि पहाटे पारा कोसळतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात तो ३.५ अंशांवर आला होता. अशी थंडी माणसाला हुडहुडी भरवते, पण सकाळी नऊच्या सुमाराला ओट्यावर ऊन आलं की निम्मी उतरते. गहू-हरभऱ्याला तर ती मानवतेच.

या आठवड्याचा विषय दुसरा आहे : ओली थंडी. डिसेंबर-जानेवारीत दोन-चार दिवस आभाळ भरून येतं, झिमझिम लागते, मधूनच गडगडाट होतो आणि कुठेतरी गारा पडतात. नेमकी तेव्हा आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात तूर सवंगणीला आलेली असते, पऱ्हाटीवर शेवटच्या वेच्याचा कापूस फुटलेला असतो, हरभरा फुलोऱ्यात किंवा घाट्यात असतो. डिसेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात आणि लगेच जानेवारी २०२२ मध्ये विदर्भाने हे लागोपाठ भोगलं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीसही अवकाळीने राज्यभर तेच केलं. अशा दिवसांत शेतकरी विचारतो, ‘पाऊस येणार का?’ हवामान खात्याचा अंदाज खोटा ठरला अशी जी तक्रार होते, त्यातली बरीचशी या एका प्रश्नातून येते. कारण प्रश्न अर्धाच विचारलेला असतो.

पारा चढतो, तरी हुडहुडी का?

आधी थंडीचंच बघू. नागपूर-वर्ध्याकडे जानेवारीत दिवसाचं कमाल तापमान सरासरीने २८ अंशांच्या मागेपुढे आणि पहाटेचं किमान १२-१३ च्या आसपास असतं. आभाळ आलं की ढगांमुळे जमिनीची ऊब रात्री बाहेर जाऊ शकत नाही आणि किमान तापमान वाढतं. दिवसा तेच ढग ऊन अडवतात, म्हणून कमाल तापमान घसरतं. पहाट १६ अंशांची आणि दुपार २० ची, असा दिवस उजाडतो. दिवस आणि रात्र यांत फारसा फरकच उरत नाही.

वर्तमानपत्रातल्या चौकटीत मात्र किमान तापमान मोठ्या अक्षरात असतं. ते चार अंशांनी वाढलं की मथळा येतो, ‘थंडीचा जोर ओसरला’. वाचणारा मात्र स्वेटरवर शाल घेऊन बसलेला असतो. मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करताना किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेलं आहे का, हे पाहतात. ‘थंड दिवस’ ठरवतानाही किमान तापमानाची १० अंशांची अट असतेच. ओल्या थंडीत पहाटेचा पारा १० च्या वर असतो, त्यामुळे ती यापैकी कोणत्याच व्याख्येत बसत नाही आणि तिच्यासाठी थंडीचा इशाराही निघत नाही.

अंगाला ती जास्त का बोचते, याचं कारण सोपं आहे. ओलसर कपडा अंगाची ऊब ओढून घेतो, त्यातलं पाणी वाळताना आणखी ऊब नेतं आणि भर म्हणून वारा असतो. शिवाय आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. उंच छत, मोठ्या खिडक्या आणि त्यातल्या एकीत बारमाही बसवलेला कूलर. त्याच्या जाळीतून आणि वाळक्या गवताच्या ताट्यांतून गार वारा थेट खोलीत शिरतो. हिवाळ्यात आपलं एकमेव हीटर म्हणजे ऊन, आणि नेमकं तेच नसतं. म्हणून नोव्हेंबरातच कूलर मागून जाड प्लास्टिकने बांधून टाकावा. आभाळाच्या दिवसांत म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या बाळाची काळजी घेताना अंदाजातलं किमान तापमान पाहू नये. कमाल तापमान पाहावं.

हिवाळ्यात पाणी येतं कुठून?

भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्यांचे खळगे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत येतात. यांनाच पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो तो त्यांच्यामुळे. बहुतेक विक्षोभ उत्तरेतूनच निघून जातात आणि आपल्याला फक्त नंतरचा गार वारा मिळतो. पण एखाद्याचा पट्टा खोलवर दक्षिणेकडे, थेट मध्य भारतापर्यंत उतरतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट पूर्वेचा वारा आत आला, तर दोघांची गाठ विदर्भ-छत्तीसगडच्या वर पडते. खाली दमट, त्या मानाने उबदार हवा; वर अतिगार हवा. अशी मांडणी अस्थिर असते, म्हणून ढग उंच चढतात. हिवाळ्यात गोठणबिंदूची पातळीही खाली आलेली असते, त्यामुळे गारा वितळायच्या आत जमिनीवर पोचतात.

यातूनच दिवसांचा एक ठरावीक क्रम दिसतो. आधी वारा फिरतो आणि रात्र उबदार होते. मग ढग आणि पाऊस. विक्षोभ पुढे सरकला की आभाळ मोकळं होतं, ओल्या जमिनीवर पहाटे धुवारी धरते आणि त्यामागून कोरडा उत्तरी वारा येऊन पारा झपाट्याने उतरतो. म्हणजे ऐन थंडीत अचानक रात्र उबदार वाटली, तर ‘गेली थंडी’ म्हणून खूश होऊ नये. त्या दिवशी बुलेटिन काढून वाचावं.

बुलेटिन वाचायचं कसं?

भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. शेतीसाठी पुण्यात वेगळा कृषी हवामान विभाग १९३२ मध्ये आला, तर आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता १९४५ पासून. आज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज रोज मिळतो, दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो आणि तो ‘मेघदूत’ ॲपवरही येतो. माहिती भरपूर आहे, पण ती वाचताना चार ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला घोटाळा ‘तुरळक ठिकाणी’चा. ‘वर्धा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे सगळीकडे थोडाथोडा पाऊस, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पाऊस किती केंद्रांवर पडेल, त्याचं ते माप आहे. तुरळक म्हणजे एकूण केंद्रांपैकी फार तर २५ टक्के. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५०. बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५. बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त. हिंगणीत गारा पडल्या आणि सिंदीत थेंबही नाही, तरी ‘तुरळक ठिकाणी’ हा अंदाज बरोबरच ठरतो.

दुसरा रंगाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हा रंग पावसाच्या आकड्यावरून ठरत नाही. नुकसान किती होऊ शकतं आणि तसं घडण्याची शक्यता किती, या दोन्हींचा मेळ घालून ठरतो. शिवाय तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो. आर्वी-आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत आठ तालुक्यांना एकच रंग मिळतो.

तिसरा तारखेचा. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. २७ तारखेच्या अंदाजात २८ च्या पहाटेचा पाऊसही येतो. ‘२७ ला सांगितला होता, आला नाही’ म्हणून २७ च्या संध्याकाळी ताडपत्री काढून ठेवली आणि पहाटे तीनला सर आली, तर दोष अंदाजाचा नाही.

चौथा गावाच्या नावाचा. सेलू नावाचा आणखी एक तालुका परभणी जिल्ह्यात आहे, आपल्यापासून अडीचशे किलोमीटरहून दूर. मोबाईलवर नुसतं ‘सेलू’ टाकलं की कुठलं आभाळ दिसतंय, हे एकदा तपासून घ्यावं. खासगी ॲपमधला ‘दुपारी ३ वाजता ४० टक्के’ हा आकडाही काही आपल्या बांधावरचा नसतो. संगणक पृथ्वीवर चौकटी आखून गणित करतो. आपल्याकडच्या मुख्य जागतिक प्रारूपाची चौकट बरीच वर्षं १२ किलोमीटरची होती. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टम आली आणि चौकट ६ किलोमीटरवर आली. पण गारांचा पट्टा एखाद-दोन किलोमीटर रुंदीचाही असू शकतो. तो चार दिवस आधी नेमका सांगणं आजही कुणाला जमत नाही.

एका अंदाजावर सगळी कामं टांगू नयेत

मग भरवसा कशावर ठेवायचा? विक्षोभ येतोय, हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. विदर्भाचा कोणता भाग, पूर्व की पश्चिम, हे एक-दोन दिवस आधी स्पष्ट होतं. गारा आणि विजा नेमक्या कुठे, हे तास-दोन तास आधी रडारवर दिसतं. नागपूरचं डॉप्लर रडार सेलूपासून साठेक किलोमीटरवरच आहे, ही आपली जमेची बाजू. त्यावरून पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा निघतो, आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. म्हणजे अंदाज तीन प्रकारचे आहेत आणि शेतातली कामंही वेगवेगळ्या प्रकारची. जोड्या नीट लावल्या की झालं.

तुरीचं घ्या. उभी तूर हलक्या सरीने फारशी बिघडत नाही. कापून पसरलेली तूर भिजली तर शेंगा काळवंडतात, दाणा डागी होतो. म्हणून पाच दिवसांच्या अंदाजात आभाळ असेल तर सवंगणी पुढे ढकलावी. मजूर ठरलेले असतील आणि कापणी टळतच नसेल, तर तेवढीच तूर कापावी जेवढी संध्याकाळपर्यंत गंजीला लावता येईल. गंजी उंचवट्यावर, खाली पऱ्हाट्यांचा थर, शेंगा आतल्या बाजूला आणि बुडखे बाहेर. वरून ताडपत्री, पण तिच्या कडा जमिनीला टेकवून बंद करू नयेत. वारा खेळायला वीतभर जागा हवी. ऊन पडलं की ताडपत्री लगेच काढावी. नाहीतर आतल्या आत घाम सुटतो आणि पावसाने वाचलेली तूर बुरशीने जाते.

‘दरवेळी झाकतो आणि पाऊस येत नाही’ ही तक्रार इथे तपासून पाहू. समजा, ताडपत्रीचं भाडं आणि मजुरी मिळून हजार रुपये लागतात आणि तूर भिजली तर दहा हजारांचा फटका बसतो. मग दहापैकी एकदाच पाऊस आला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. दोनदा आला तर झाकणारा फायद्यात. इथे ‘तुरळक ठिकाणी’ एवढा इशाराही पुरेसा आहे.

ओलिताचा हिशेब उलटा. बोर धरणाच्या कालव्याची पाळी आली आहे आणि पावसाचा अंदाज आहे. पाणी सोडायचं का? गव्हाला १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, पाणी मिळालंच पाहिजे. तिथे तुरळक पावसाच्या आशेवर पाळी सोडू नये, कारण आपलं वावर त्या २५ टक्क्यांत येईलच असं नाही. हरभऱ्याचं वेगळं. भारी काळ्या जमिनीत ओलितावर पाऊस आला की हरभरा उभळतो. म्हणून अंदाज ‘बऱ्याच ठिकाणी’ असा असेल तर हरभऱ्याचं पाणी थांबवावं. एकच बुलेटिन, एकाच शेतकऱ्याचं वावर, आणि धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन निर्णय.

फवारणीला लागते उघडीप. ढगाळ दिवसांत हरभऱ्यावर घाटेअळी दिसू लागते आणि हात पंपाकडे जातो. पण दवाने किंवा पावसाने पानं ओली असताना मारलेलं औषध ओघळून जातं आणि सर आली की उरलंसुरलं धुतलं जातं. इथे पाच दिवसांचा अंदाज पाहून मधला कोरडा दिवस निवडावा, आणि पंप भरण्याआधी तीन तासांचा इशारा पाहावा. पाठीवर पंप घेऊन उभ्या माणसाला आभाळ गडगडू लागल्यावर पावसाइतकीच विजेचीही भीती असते.

कापसात घाई करणंच शहाणपणाचं. फुटलेली बोंडं पावसाआधी वेचावीत, मात्र दव उतरल्यावर. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ८ टक्के ओलावा हे मूळ प्रमाण आहे. तिथून १२ टक्क्यांपर्यंत दर कमी होत जातो आणि त्यापुढे कापूस घेतला जात नाही. भिजलेला वेचा कोरड्या गंजीत मिसळला तर सिंदीच्या बाजारात सगळ्याच गाडीचा भाव पडतो. तो वेगळा ठेवावा, वाळवावा आणि वेगळाच विकावा.

या आठवड्यासाठी एक छोटं काम. वहीचं एक पान घ्या आणि पुढच्या पंधरा दिवसांतली आपली कामं लिहा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी टिपा : अंदाज खरा मानून वागलो आणि पाऊस आला नाही, तर किती जाईल? अंदाज सोडून दिला आणि पाऊस आला, तर किती जाईल? हे दोन आकडे हवामान खातं सांगू शकत नाही, ते तुमच्यापाशीच आहेत. ते ठरलेले असले की आभाळ भरून आल्यावर घरात वाद होत नाहीत आणि मजुरांना कधी बोलवायचं, हेही आदल्या दिवशीच कळतं.

*पुढील भागात : आंबिया बहार आणि ताणाचं गणित – संत्र्याचं पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं?*